ओरुमाचा पुरावा

रविवारी सकाळी आमच्या घरात तीन आवाज हमखास असत. बाबांचं घोरणं, विळीवर नारळ खवल्याचा खरखराट आणि माझी बडबड. बाबा शनिवारची रात्रपाळी करून आलेले असत, त्यामुळे पहिले दोन आवाज चालत, तिसरा चालत नसे. "हळू गो, ते उठले तर तुझी खैर नाही," असं आई दटावायची आणि स्वतः मात्र खलबत्त्यात दणादण लसूण ठेचायला घ्यायची. विक्रोळी पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिवसभर हायवे ऐकू यायचा आणि वारा फिरला की हायवेपलीकडच्या खाडीचा वास आत यायचा. शेजारच्या बायका नाकाला पदर लावून खिडक्या ओढून घेत. आई आमची खिडकी आणखी उघडायची. ती पेणकडची, खाडीकाठच्या गावातली. बाहेर बघत "आज सुकती मोठी दिसतेय" असं काहीतरी पुटपुटायची, ओहोटीला ती सुकती म्हणे, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची. चिखल, डास आणि वास, यापलीकडे त्या खाडीत बघण्यासारखं काय असणार, असं माझं ठाम मत होतं. माझा जीव अडकला होता ओरुमामध्ये.

ओरुमा हा एका कार्डांच्या खेळातला प्राणी. खेळाचं नाव सांगून आज कुणाच्या काही लक्षात येणार नाही, पण त्या वर्षी आमच्या शाळेत दुसरा विषय नव्हता. कार्डं विकत मिळत, मोबाइलवरही तोच खेळ खेळता येई. त्यात सात महाजीव होते, प्रत्येक जण एकेका सीमेचा राखणदार. आगीच्या सीमेवर एक, बर्फाच्या सीमेवर एक, रानाच्या सीमेवर एक, आणि जिथे समुद्र संपून जमीन सुरू होते तिथे ओरुमा. डोक्यावर वरच्या बाजूला आलेले दोन डोळे, अंगभर निळे ठिपके, पाठीवर उघडमीट होणारं शीड आणि कार्डाच्या तळाशी एक ओळ: हा आपला श्वास तोंडात धरून जमिनीखाली नेतो. ती ओळ वाचली की माझ्या अंगावर काटा यायचा. अस्सल कार्ड माझ्याकडे नव्हतं. शाळेजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून काढलेली रंगीत प्रत होती, ती मी भूगोलाच्या वहीच्या कव्हरात जपून ठेवली होती.

आणि खरी मजा खेळण्यात नव्हतीच, भांडण्यात होती. हे महाजीव चित्रकारांनी कुठल्या खऱ्या प्राण्यांवरून काढले असतील, यावर जगभरची माणसं नेटवर एकमेकांची डोकी फोडत होती. आम्ही ते काम रविवारी सकाळी दहा वाजता प्रज्ञाच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत करायचो. प्रज्ञा आमच्याहून एका वर्षानं मोठी, नववीत होती. तिला वकील व्हायचं होतं आणि ती तेव्हापासूनच अर्धी वकील होती. आगीच्या राखणदारावरून एकदा दोन्ही बाजूंनी नेटवरची दहा-दहा पानं फडकवली आणि प्रकरण कॉलर धरण्यापर्यंत गेलं, तेव्हा तिनं नियम केला. नेटवरचं काही चालणार नाही. पाहिलं असेल तर बोल. पुरावा म्हणून स्वतः काढलेला फोटो चालेल, वस्तू चालेल किंवा ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय असा माणूस आणून उभा केला तरी चालेल. बंटी नावाचा आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा, त्यानं आपल्या घोरपडीच्या दाव्यासाठी खरोखरच एका सर्पमित्र काकांना जिने चढायला लावले होते. आणि जो पाहिल्याचं खोटं सांगेल तो गटाबाहेर. हे शेवटचं वाक्य प्रज्ञानं वहीत लाल पेननं लिहिलं होतं.

मला हा गट किती हवा होता ते आज मोकळेपणानं सांगते. त्या वर्षी माझी शाळा बदलली होती. वर्गात मधल्या सुट्टीत मी डबा उघडला की बाजूच्या मुली मासळीच्या वासानं बाक सरकवून घेत. गच्चीवर मात्र माझ्याकडे अस्सल कार्डं किती, माझ्या डब्यात काय, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. तिथे मी बोलले की चार जण ऐकत. आठवडाभर मी त्या एका तासावर जगायची.

ओरुमाचा वाद निघाला त्या रविवारी निखिल आधीच जिंकल्याच्या थाटात आला होता. निखिल म्हणजे आमच्यातला सगळ्यात वाकबगार. त्याला हरवणं हे माझं गुपचूप स्वप्न होतं. त्यानं मोबाइल पुढे केला.

"हे बघा. पवई तलाव. मी स्वतः काढलाय, झूम करून. डोळे वर, अर्धी पाण्यात, अर्धी जमिनीवर. ओरुमा म्हणजे मगर. विषय संपला."

"मगर उड्या मारते का रे?" मी म्हणाले. "ओरुमा उड्या मारतो."

"मग तुझं काय म्हणणं?"

"निवटी."

"काय?"

"निवटी. मासा असतो. चिखलात चालतो."

"मासा चालतो! झकास!" निखिल ओरडला. "उद्या म्हणशील बोंबील रिक्षा चालवतो!"

सगळे खिदळले. बंटी तर जमिनीवर लोळला. माझे कान तापले. प्रज्ञानं पेनाचं टोपण काढलं आणि शांतपणे विचारलं, "सायली, पाहिलंयस?"

मी निवटी पाहिली होती ती फक्त ताटात. आईच्या तोंडून ऐकलं मात्र भरपूर होतं. लहानपणी जेवत नसले की ती चिखलात चालणाऱ्या माशाच्या गोष्टी सांगायची. "ऐकलंय," एवढंच मी म्हणाले असते तर काही बिघडलं नसतं. पण निखिल अजून हसत होता.

"हो," मी म्हणाले. "आजोळी, मे महिन्यात. तीन होत्या. एक तर माझ्या पायाजवळून उडाली."

पायाजवळून वगैरे कुणी विचारलंही नव्हतं. खोटं बोलताना माणूस एवढा उदार का होतो, हे मला या वयातही उमगलेलं नाही. प्रज्ञानं सगळं लिहून घेतलं. "पुढच्या रविवारी पुरावा आण. खोटं निघालं तर माहितेय ना?"

माहीत नसायला काय झालं! तो आठवडा माझ्या घशाखाली घास उतरला नाही. शनिवारी संध्याकाळी आईनं कोथिंबीर आणायला पाठवलं, तेव्हा मी मासळी बाजारात शिरले आणि भांडुपच्या खाडीकडून येणाऱ्या एका कोळीण मावशींना निवट्या आहेत का विचारलं. त्यांनी टोपलीमागची कळशी पुढे ओढली. आत चिखलाचं पाणी होतं आणि पाण्यात काहीतरी वळवळत होतं. "जिवंत हव्यात," मी म्हणाले. "मग काय मेलेल्या देऊ तुला?" मावशी म्हणाल्या. आठ निवट्या त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत पाण्यासकट बांधून दिल्या. घरी आल्यावर मी त्या बाथरूममधल्या जुन्या बादलीत सोडल्या, वर फळी ठेवली. दिवा मिणमिणता, पाणी गढूळ, मला काही धड दिसलं नाही. पण पुरावा घरात होता. त्या रात्री मी ढाराढूर झोपले.

सकाळी आईनं मला गिरणीत पिटाळलं. तिथे ही रांग. दळण घेऊन साडेनऊला जिना चढले तर दुसऱ्या मजल्यावरच मला वास आला. लसणाची फोडणी, चिंच, घरचा मसाला. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी कशी पोचले ते आठवत नाही. बादली घासून उपडी घातली होती. विळीशेजारी चुलीची राख असलेला आईचा डबा उघडा होता. ती राख दर खेपेला गावाहून यायची, निवटीचा बुळबुळीतपणा काढायला. कढईत कालवण रटरटत होतं आणि तव्यावर दोन निवट्या आख्ख्या, रवा लावून, डोळ्यांसकट कुरकुरीत होत होत्या.

"आई! माझा पुरावा!"

"हळू गो, बाबा झोपलेत. पुरावा कसला? एवढ्या छान जिवंत निवट्या, आणि तू बादलीत ठेवून विसरलीस! मला वाटलं माझ्यासाठीच आणल्यास." तिचा चेहरा इतका खुशीत होता की मला धड ओरडताही येईना. किती दिवसांनी तिला निवट्या मिळाल्या होत्या! मी मटकन खाली बसले आणि रडायलाच लागले. हुंदके देत ओरुमा, मगर, निखिल, प्रज्ञाचा नियम असं सगळं सांगितलं. एकच गोष्ट सांगितली नाही, ती माझ्या थापेची.

आईनं गॅस बंद केला. "म्हणजे निवटी कशी असते हे कुणीतरी पाहिलेल्यानं सांगायचं?"

"हो."

"मग त्यात रडायचं काय? मी येते. माझं निम्मं आयुष्य त्या चिखलात गेलंय."

मला वाटलं धरणी दुभंगावी आणि मी आत जावं. आई, आणि गच्चीवर! जिला कार्डं म्हणजे कचरा वाटायचा, जिनं माझ्या दोन कार्डांनी एकदा डब्याखालचं तेल पुसलं होतं, ती माझी साक्षीदार. पण दहाला दहा मिनिटं कमी होती. तिनं साडी नेसली, तळलेल्या दोन निवट्या स्टीलच्या डब्यात घातल्या आणि माझ्या पुढे चालायला लागली.

गच्चीवर सगळे आईला बघून चपापले. प्रज्ञानं पटकन खुर्ची आणून दिली. आई टाकीच्या कठड्याला टेकून उभीच राहिली आणि तिनं डबा उघडला. चार डोकी डब्यावर वाकली.

"अरे, डोळे खरंच वर आहेत!" बंटी म्हणाला.

निखिलनं एक निवटी उचलून सगळीकडून निरखली, मग हळूच शेपटीचा तुकडा मोडला.

"निखिल, पुरावा खाऊ नकोस!" प्रज्ञा कडाडली.

"यार, गरम आहे अजून."

मग प्रज्ञानं वही उघडली आणि प्रश्न सुरू केले. आई आधी जरा लाजली. दुसऱ्या प्रश्नाला लाज गेली, तिसऱ्याला तिनं पदर खोचला. निवटी चालते कशी, ते तिनं दोन्ही कोपर जमिनीवर टेकवून, सरकून दाखवलं. डोळे कोरडे पडले की ती ते आत ओढून ओले कशी करते, ते स्वतःचे डोळे मिचकावून दाखवलं. नर मादीसमोर कशी उडी मारतो आणि पाठीवरचा पर कसा ताठ उभा करतो, ते सांगताना तिनं पदराचं टोक धरून हवेत फडफडवलं. निखिल तोंड उघडं टाकून बघत होता. मी स्वतः बघत होते. घरात ओट्यापाशी उभी असणारी हीच का ती बाई?

"काकू, हे शेवटचं," प्रज्ञानं कार्ड वर धरलं. "हा आपला श्वास तोंडात धरून जमिनीखाली नेतो. असं काही असतं?"

"नेते की!" आई म्हणाली. "चिखलात तिचं बीळ असतं. भरतीला ते पाण्यानं भरतं. आत अंडी असतात, त्यांना हवा नको का? मग ती वर येते, गाल फुगवते, आत जाऊन हवा सोडते. परत वर, परत आत. माझे वडील मला दाखवायचे. म्हणायचे, बघ, आई कशी असते ती."

ही गोष्ट मलाही ठाऊक नव्हती. इतक्या वेळा वाचलेली ती ओळ, आणि तिचा खरा अर्थ आमच्या घरात रोज भाकऱ्या थापत होता! आनंदानं माझं डोकं गरगरायला लागलं.

"मान गये," निखिल म्हणाला. त्याच्या तोंडून हे शब्द निघतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि मग त्यानं अगदी सरळ मनानं विचारलं, "काकू, सायलीच्या पायाजवळून उडाली ती केवढी होती?"

"कुणाच्या पायाजवळून?" आई हसली. "हिच्या? अरे, ही कधी चिखलाच्या काठाला तरी गेलीय का! हिचा मामा हात धरून न्यायचा तर ही भोकाड पसरायची. हिनं निवटी बघितली ती ताटात."

प्रज्ञाचं पेन थांबलं. तिनं वहीची पानं मागे उलटली, मागच्या रविवारचं लिहिलेलं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. निखिलनं नजर दुसरीकडे वळवली. त्यानं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

"काय झालं?" आईनं विचारलं. प्रज्ञानं तिला नियम सांगितला, लाल अक्षरं दाखवली. मला वाटलं आई आता म्हणेल, जाऊ दे गं, लहान आहे. ती म्हणाली, "खोटं बोललीस?"

मी मान डोलावली.

"मग प्रज्ञाचं बरोबर आहे," आई म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं, ते तिच्या आवाजात कळत होतं, पण ती मागे हटली नाही. मग तिनं आकाशाकडे बघून बोटांवर काहीतरी मोजलं. "आज अष्टमी ना? बाराच्या पुढेमागे सुकती असणार. हिला बाहेर काढायचं ते काढा, पण त्याआधी सगळ्यांनी एकदा बघून तरी घ्या. चला."

आणि आम्ही निघालो. हायवेवरचा पादचारी पूल ओलांडून, पलीकडच्या कच्च्या रस्त्यानं, होड्या लागतात त्या छोट्या धक्क्यावर. इतकी वर्षं घरापासून वीस मिनिटांवर राहून मी तिथे कधी गेले नव्हते. पाणी खूप आत गेलं होतं. तिवरांच्या मुळांपासून पाण्यापर्यंत नुसता करडा, ओला, चकाकणारा चिखल. "काही नाहीये इथे," बंटी म्हणाला. "हलू नका," आई कुजबुजली. आम्ही उन्हात उभे राहिलो. मग चिखलाला डोळे फुटले. आधी दोन, मग चार, मग जिकडे बघावं तिकडे. एक निवटी पंखांवर रेलून बाहेर आली, थांबली, तिनं डोळे आत घेऊन परत बाहेर काढले, आणि ऊन पडलं तशी तिच्या अंगावर निळ्या ठिपक्यांची रांगच रांग उजळली. आणि तेवढ्यात दुसरी हवेत उडाली. पाठीवरचं शीड उघडून, चांगली हातभर उंच!

"ओरुमा!" निखिल जिवाच्या आकांतानं किंचाळला आणि एका क्षणात सगळा चिखल रिकामा झाला.

"ए गधड्या!" प्रज्ञानं त्याच्या पाठीत धपाटा घातला, पण ती स्वतः हसून हसून कठड्यावर ओणवी झाली होती. आम्ही पुन्हा दम धरून उभे राहिलो, त्या पुन्हा आल्या, पुन्हा कुणीतरी ओरडलं. असं किती वेळा झालं कोण जाणे. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसतही होते. एवढं सगळं इथे होतं, आणि मी थाप मारून बसले होते! फक्त पूल ओलांडायचा होता.

परतताना पुलाच्या मधोमध प्रज्ञा थांबली. खालून ट्रक जात होते, म्हणून तिला ओरडून बोलावं लागलं. "निवटी मंजूर! सायली बाहेर!" कुणी वाद घातला नाही, मीही नाही. मग ती आईकडे वळली आणि जरा अडखळली. "काकू, पुढच्या रविवारी रानाच्या राखणदारावर आहे. तुम्ही... याल का?"

आईनं माझ्याकडे बघितलं. "दहालाच ना?" ती म्हणाली.

पुढे दोन महिन्यांनी मला परत घेतलं, तेही आईनं शब्द टाकला म्हणून. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. प्रज्ञा भेटली की आम्ही दोघी अजून तिच्याबद्दल बोलतो, आणि प्रज्ञा दर वेळी म्हणते की तसा साक्षीदार पुढे कोर्टातही तिला मिळाला नाही. पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो पुढचा रविवार. आई दहाला पाच कमी असताना गेली आणि मी घरी कुकरपाशी बसले. मत्सरानं माझा जीव जळत होता, खोटं कशाला सांगू. साडेअकराला दार धाडकन उघडलं. आई घामाघूम, चेहरा लाल, चपलांसकट स्वयंपाकघरात.

"अगो, तो निखिल म्हणतो रानाचा राखणदार मोर आहे! मोर! लाल डोळे, तांबूस पंख, जमिनीवर तुरुतुरु चालतो, आणि म्हणे मोर! भारद्वाज आहे तो, शेंबडं पोरसुद्धा सांगेल! पण मला वेळेवर मुद्दाच सुचेना. थांब, तू निखिल हो. हो ना गो! म्हण, मोर."

मी पाटावर सरळ बसले. "मोर," मी म्हणाले.

आईनं कमरेवर हात ठेवले आणि माझ्या डोळ्यांत रोखून बघितलं. "पाहिलायस?"

"नाही," मी म्हणाले. "कधीच नाही."

तिचा चेहरा एकदम निवळला. ती माझ्यासमोर फरशीवरच बसली. "मग ऐक," ती म्हणाली, "मी भारद्वाज पाहिलाय."